न थांबलेलं बोट

राईच्या पुडीला दोरा बांधून होईपर्यंत शशिकला तशी बरी होती. उन्हाने डोकं ठणकत होतं, मानिक चौकातल्या त्या अरुंद गल्लीत एक हातगाडी आडवी घुसली होती आणि मागचे स्कूटरवाले जीव खाऊन हॉर्न वाजवत होते, पण हे रोजचंच. दुकानदार म्हणाला, "भाभीजी, हींग भी ले जाइए, कल ही आई है," आणि ती नको म्हणणार तोच कुणीतरी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. जानकीवहिनी. दरवर्षी मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला भेटणाऱ्या, आणि झाशीतल्या झाडून सगळ्या मराठी घरांची खडान् खडा बातमी ठेवणाऱ्या. त्यांनी हात काढला नाही, उलट थोडा दाबला. "शशीताई, शाल्मलीचं वाचलं हो फोनवर. फार वाईट वाटलं. पहिलंच होतं ना? पण किती धीराने लिहिलंय पोरीने! तुम्ही पण हिंमत ठेवा. देव देईल पुन्हा." शशिकलेने मान हलवली. म्हणजे मान आपली आपणच हलली. "हो ना, काय करणार," ती म्हणाली, आणि कुणी विचारलेलं नसताना वर आणखी म्हणून गेली, "आता बरी आहे ती." जानकीवहिनींनी डोळे टिपले. दुकानदाराने हिंगाची डबी पिशवीत टाकली, तिने पैसे दिले आणि ती चौकाबाहेर आली.

पहिलंच होतं ना, देव देईल पुन्हा. या वाक्यांची फोड कुठल्याही बाईला करून सांगावी लागत नाही. अर्थ तिला तिथेच, दुकानाच्या पायरीवर कळला होता. पण कळलेलं आत शिरत नव्हतं, दारातच उभं होतं. ई-रिक्षात बसल्यावर समोरच्या बाईच्या मांडीवरचं कलिंगड सारखं तिच्या गुडघ्याला लागत होतं आणि ती त्या कलिंगडाकडेच बघत राहिली. शाल्मलीला दिवस गेले होते. ते राहिले नाहीत. आणि हे जानकीवहिनींना ठाऊक होतं. या तिन्हींतलं जास्त काय दुखतंय ते तिला ठरवता येईना. तिसरंच जास्त दुखतंय असं जाणवलं तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली. पोरगी तिकडे अहमदाबादेला एकटी हे सोसून बसली आणि आपल्याला कसलं पडलंय, तर आधी कुणाला कळलं याचं! पण दुखायचं ते दुखतंच, त्याला काय चांगलं-वाईट. आपण जानकीवहिनींना खोटं का सांगितलं? मुलीचं दुःख आईला ठाऊक नाही हे भर बाजारात कबूल करण्यापेक्षा खोटं सोपं होतं, एवढंच. "अम्मा, सीपरी में कहाँ उतरोगी?" रिक्षावाल्याने दोनदा विचारलं. ती काहीतरी बोलली आणि घराच्या एक वळण अलीकडेच उतरली.

मकरंद कूलरसमोर आडवा झाला होता. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून नवऱ्याची दुपार अशीच जायची, छातीवर वर्तमानपत्र आणि वर्तमानपत्रावर चष्मा. "राई मिळाली?" त्याने डोळे न उघडता विचारलं. "मिळाली," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसली. परातीत कैरीच्या फोडी हळद-मीठ लावून ठेवल्या होत्या, त्यांना पाणी सुटलं होतं. तिने फोन उघडला. फोनमध्ये ते फोटोंचं दुकान बसवून दिलं होतं तिच्या पुतणीने, स्वरदाने, आणि तेसुद्धा एवढ्यासाठीच, की काकूला शाल्मलीचे फोटो बघता यावेत. तिने बोटाने वर सरकवलं. एक फौजी रजेवर घरी येतो आणि दार उघडणारी त्याची आई जागच्या जागी मटकन खाली बसते. पुढे सरकवलं. कुणाची तरी लेक सासरहून येऊन आईच्या डोक्याला तेल लावते आहे. पुढे. पुन्हा फौजी. बबीन्याच्या छावणीजवळ जन्म गेलेल्या बाईला फौज्यांचं काय अप्रूप, पण हे व्हिडिओ बघून ती रोज हमखास रडायची, पदराने डोळे पुसून पुन्हा तोच लावायची. पुढे. एक म्हातारी नातीच्या वेण्या घालते आहे. पुढे, पुढे. परक्यांच्या लेकी येत होत्या, जात होत्या, आयांच्या गळ्यात पडत होत्या. शाल्मली कुठेच नव्हती. ती शेवटची कधी दिसली होती? दिवाळीत. निळी साडी होती, बहुतेक. बहुतेक, कारण तिने तो फोटो बघितला होता तो तापलेल्या तव्याला बोट लागावं तसा. लागलं न लागलं तोच उचललं.

ती सगळेच फोटो असे बघायची. मुलीचा चेहरा दिसला रे दिसला की बोट वर. त्याच्याखालचं ते बदामाचं चित्र तर तिने कधी दाबलंच नाही. बदाम दाबणं म्हणजे चौकात उभं राहून माझी मुलगी सुंदर हो, असं ओरडण्यासारखं. आणि आईने तसं करायचं नसतं. हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. ती शिकली होती ऋतुराजवर. बबीना रस्त्यावरच्या कारखान्याच्या वसाहतीत, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये तो झाला, आणि त्याला रांगता येईपर्यंत शशिकलेला दुसरं कामच नव्हतं. ती नुसती त्याच्याकडे बघायची. दूध उतू जायचं, नळ वाहायचा, शेजारीण दाराशी येऊन हसून परत जायची. "अगं, किती बघशील," सासूबाई म्हणायच्या. इंदिराबाई काही दुष्ट नव्हत्या. नातवावर त्यांचाही जीव होता. ताप आला तेव्हा डॉक्टर झाले, इस्पितळ झालं, आणि मधल्या एका संध्याकाळी त्यांनी मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. मिरच्या जळून कोळसा झाल्या, पण कुणाला साधा ठसका लागला नाही. सासूबाई निखाऱ्याकडे बघत राहिल्या. दृष्ट जबर असली की ठसका लागत नाही. "आईचीच आधी लागते, पोरी," त्या अगदी हळू, जवळजवळ मायेने म्हणाल्या. दोन दिवसांनी ऋतुराज गेला. सासूबाई आपलं वाक्य विसरूनही गेल्या असतील. शशिकला विसरली नाही.

म्हणून शाल्मली झाली तेव्हा तिने डोळ्यांना लगाम घातला. दूध पाजताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं. पोर झोपली की कपाटाच्या आरशातून, तिरकं, एक नजर, पुन्हा दुसरीकडे. वेणी घालणं तिला फार आवडायचं, कारण पोरीचं तोंड पलीकडे असायचं आणि मग मान, कानामागचा तीळ, भांग, हवं तितकं बघता यायचं. मुलीचा चेहरा तिला जेवढा पाठ नव्हता तेवढा भांग पाठ होता. शाळेत कथ्थकमध्ये पहिली आली तेव्हा शाल्मली घुंगरांसकट धावत घरात शिरली होती, कप पुढे करून. "बरं, हातपाय धू," शशिकला म्हणाली होती, आणि पोरीचा चेहरा उतरला तो तिने बघितला नाही, कारण ती बघतच नव्हती. नंतर न्हाणीघरात नळ सोडून ती स्वतः आनंदाने रडली होती. पण ते कुणाला दिसणार? हळूहळू पोरीने कप पुढे करणं सोडलं. पुढे तीही आईशी कामापुरतं बोलू लागली. दर रविवारी फोन यायचा. कशी आहेस, बरी, तू, बरी. बाबांना दे. शशिकलेला वाटायचं, असू दे. न का बोलेना, जिवंत तर आहे. तिच्या हिशेबी हा सौदा स्वस्तात पडला होता.

तिने स्वरदाला फोन लावला. ती बबीन्याला शाळेत शिकवते. उन्हाळ्याची सुट्टी होती म्हणून लगेच सापडली. शशिकलेने आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. "काय गं, माझ्या फोनवर आजकाल शाल्मलीचं काही येतच नाही. तिने मला काढून टाकलंय का?" "छे, काकू! ती कशाला काढेल? ते आपोआप असतं. आपण फोन बघतो ना, तसा तो पण आपल्याला बघून राहिलेला असतो. कुठे बोट थांबलं, कुठे दोनदा बघितलं, दिल दबाया कि नहीं. जिथे थांबता, ते तो अजून अजून देतो. आणि जिथून तुम्ही पटकन पुढे जाता ना, तिथे तो समजतो की इनको इसमें कोई इंटरेस्ट नहीं है. मग देणं बंद करतो." कैरीच्या परातीवर एक माशी बसली होती, ती शशिकलेने हाताने उडवली. मग म्हणाली, "पण अगं, सख्खी मुलगी आहे माझी." स्वरदा हसली. "त्याला काय माहीत, काकू, सख्खी आहे की कोण आहे? त्याला फक्त बोट कळतं." मग तिने वरच्या रकान्यात नाव कसं लिहायचं ते सांगितलं, आणि फोन ठेवता ठेवता तिचा आवाज बदलला. "काकू, शमूदीदी आता कशी आहे? मला तर विचारायची हिंमतच झाली नाही." म्हणजे हिलाही माहीत होतं. "बरी आहे," शशिकला म्हणाली. एका दुपारीत दुसऱ्यांदा.

नाव लिहिल्याबरोबर शाल्मली निघाली. एक-दोन नव्हे, ओळीच्या ओळी. कांकरियाच्या तळ्याकाठी शाल्मली, नवऱ्याच्या, चैतन्यच्या खांद्यावर डोकं ठेवून शाल्मली, पिठाने माखलेल्या हातांची शाल्मली, चष्मा लागलेली शाल्मली. तिला चष्मा कधी लागला? आणि या सगळ्यांच्या मध्ये एक फोटो, ज्यात कुणीच नव्हतं. गॅलरीतली रिकामी वेताची खुर्ची, आणि कठड्यावर ऊन. तारीख गुढीपाडव्यानंतरची होती. खाली हिंदीत लिहिलं होतं, कारण शाल्मली मराठी बोलायची, पण लिहायची हिंदीत. "हमारे घर में कहते हैं कि तीसरा महीना पूरा होने तक किसी को बताते नहीं, नज़र लग जाती है. तो मैंने किसी को नहीं बताया, आई को भी नहीं. अब वो नहीं है, तो किससे कहूँ कि वो था." एवढंच. शशिकलेने ते एकदा वाचलं आणि शब्द जागच्या जागी राहीनात म्हणून पुन्हा वाचलं. हमारे घर में कहते हैं. घर म्हणजे कोण, तीच. लग्न ठरलं तेव्हा पोरीला बाजूला घेऊन तिनेच बजावलं होतं, दिवस राहिले तर कुणाला कळू देऊ नकोस, मलासुद्धा नाही, तीन महिने तोंडाला कुलूप. पोरीने शब्द पाळला होता. आईचं इतकं ऐकणारी मुलगी आणि आईला वाटायचं, ही आपलं काही ऐकत नाही.

खाली लोकांनी खूप लिहिलं होतं. जानकीवहिनींनी हात जोडले होते. स्वरदाने लिहिलं होतं, दीदी, मी आहे. शाळेतल्या मैत्रिणी, ऑफिसातले कोणकोण, आणि शाल्मलीने प्रत्येकाला उत्तर दिलं होतं, एकालाही सोडलं नव्हतं. शिल्पा नावाच्या कुणा मुलीने विचारलं होतं, आंटी आ गईं क्या तेरे पास? आणि त्याच्याखाली शाल्मली: "आई ने देख लिया होगा. देखती सब हैं, कहती कुछ नहीं." शशिकलेने फोन उपडा करून फरशीवर ठेवला. पलीकडे कूलरची घरघर चालू होती. बघते सगळं, बोलत नाही काही. अगं, बोलत नव्हते हे खरं, पण बघत होते हे कुणी सांगितलं तुला? आणि मग तिला आठवलं, कुणी सांगितलं ते. पाडव्यानंतरच्याच एका रविवारी शाल्मली फोनवर जरा घुटमळली होती, बाबांना दे म्हणाली नव्हती. "आई, तू बघतेस ना गं फोनवर माझं?" तेव्हा शशिकलेला चोरी पकडल्यासारखं झालं होतं. सरकवून देते असं कसं सांगणार? "बघते की, रोज बघते," ती घाईने म्हणाली होती. "ते असू दे. आमच्या कूलरची खस बदलली या वेळी, वाळ्याची छान गार हवा येते." पलीकडे जरा वेळ काही ऐकू आलं नव्हतं. मग शाल्मली म्हणाली होती, "हो? बरं झालं." त्या जरा वेळात पोर वाट बघत होती. एका शब्दाची. आणि तिला खस मिळाली.

तिने फोन सरळ केला. मग तिने जे केलं ते तिने जन्मात केलं नव्हतं. तिने मुलीकडे बघितलं. निळ्या साडीतला फोटो उघडला आणि बोट उचललं नाही. कपाळ किती तिच्या बापासारखं आहे, आणि हसताना एक गाल जास्त वर जातो. हे असंच होतं का नेहमी? लहानपणापासून? बघता बघता तिला धडकी भरली, सवयीने नजर दाराकडे वळली, तिने ती ओढून परत आणली. मग बदाम दाबला. तो लाल झाला. दुसरा फोटो, तिसरा, तळ्याकाठचा, पिठाच्या हातांचा. रिकाम्या खुर्चीवर मात्र तिचा अंगठा थबकला. जे गेलं त्याच्यावर बदाम कसा दाबायचा? तिथे ती नुसती बसून राहिली. संध्याकाळी चहा करायला उठली तेव्हा पाय मुंग्यांनी भरले होते. मकरंदला तिने चहाबरोबरच सांगितलं. "मागे एकदा तिचा आवाज रडल्यासारखा वाटला होता," तो म्हणाला. "मला वाटलं, सर्दी असेल." त्याने तिथल्या तिथे फोन लावायला घेतला. तिने थांबवलं. "मी बोलते उद्या. मलाच बोलू दे." तिला वाक्यं जुळवायची होती. ऋतुराजपासून सगळं सांगायचं होतं.

सकाळी तिने फोन उघडला तर पहिलीच शाल्मली. त्याच्यापुढे वसाहतीतल्या जुन्या घरातली शाल्मली. फौजी गेले, तेल लावणाऱ्या परक्या लेकी गेल्या. मधूनमधून अनोळखी बायका होत्या, कुठल्या कुठल्या गावच्या, ज्यांची मुलं जन्माआधी गेली होती आणि ज्या कॅमेऱ्याकडे बघून ते सांगत होत्या. फोनने त्यांनाही कुठून कुठून गोळा करून आणलं होतं. काल दुपारी ती जिथे जिथे थांबली होती, ते ते सगळं त्याने लक्षात ठेवलं होतं. एका दुपारीत त्याला पटलं होतं, की या बाईचा आपल्या मुलीवर जीव आहे. शशिकलेला हसू आलं आणि ते मध्येच मोडलं. तेवढ्यात फोन वाजला. रविवार नव्हता, तरी शाल्मलीच होती.

"आई, तुझा फोन कुणाजवळ आहे?"

"माझ्याजवळच. का गं?"

"कालपासून तुझ्या नावाने दिल येऊन राहिलेत. सगळ्या फोटोंना, पुरानेवालों को भी. मला वाटलं, हॅक झाला. चैतन्य म्हणाला, आईंना सांग पासवर्ड बदला."

"नाही गं. मीच ती."

रात्रभर जुळवलेली वाक्यं शशिकलेच्या तोंडाशी आली आणि त्यातलं एकच बाहेर पडलं. "शमू, ते मला दिसलंच नव्हतं गं. काल दिसलं."

"हां आई. होतं असं. वो सबको सब कुछ नहीं दिखाता," शाल्मली म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. पाहुण्यांच्या हातून कप फुटला की आपण ज्या आवाजात असू दे म्हणतो, तो आवाज होता. "आता बरी आहे मी. तुझं लोणचं झालं का?"

"आज घालते. राई आणली काल."

"बरं झालं."

आता ती बाबांना दे म्हणणार, हे शशिकलेला कळलं, आणि ऋतुराज, सासूबाई, आरशातली तिरकी नजर, कशालाच वेळ उरला नाही. "शमू," ती घाईघाईने म्हणाली, "त्या निळ्या साडीत फार सुंदर दिसतेस तू. फार सुंदर आहेस गं."

इतका वेळ काही ऐकू आलं नाही, की तिला वाटलं फोन कटला. मग शाल्मलीचा आवाज आला, एकदम जवळचा, घाबरलेला. "आई, तू ठीक आहेस ना? चक्कर येते का? बीपीची गोळी घेतलीस? बाबा कुठे आहेत? बाबांना दे. आई, आधी बाबांना दे फोन."

तिने दिला. मकरंद खोलीभर फिरत बोलत होता. "नाही, नाही, ठीक आहे ती... हो, घेतली गोळी... अगं, तोंड वाकडं वगैरे काही नाही... बरं, दाखवतो डॉक्टरला." शशिकला स्वयंपाकघरात आली. बोलून झालं होतं. मोठ्याने, नाव घेऊन, सकाळच्या वेळी, पोरीचं कौतुक. हात आपणच कालच्या पुडीकडे गेला. मूठभर राई, मीठ, दोन लाल मिरच्या. ती बाहेर आली तोवर मकरंदने फोन टेबलावर ठेवला होता. "तिला कामावर जायचंय," तो म्हणाला. "घाबरली बिचारी. तू असं काय बोललीस तिला?" तो पलीकडच्या खोलीत गेला. फोनवर निळ्या साडीतली शाल्मली उघडीच होती. शशिकलेने मूठ तिच्याभोवती उतरवली. आल्यागेल्याची, दारच्याची, घरच्याची, आणि शेवटी जे नाव घ्यायचं ते घेतलं, आईची. मग गॅसवर लोखंडी तवा चांगला लाल होऊ दिला आणि मूठ त्यावर सोडली.

राई तडतडली. मिरच्या फुगल्या, काळ्या पडू लागल्या. ती तव्यावर वाकून वाट बघत राहिली, जशा त्या दिवशी सासूबाई निखाऱ्याकडे बघत होत्या. आणि घशात काहीतरी सपकन लागलं. ती खोकली. पुन्हा खोकली. नाकातोंडात धूर गेला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पलीकडच्या खोलीत मकरंद खोकू लागला, थांबेचना, आणि ओरडला, "अगं, काय जाळतेस? किती ठसका लागतोय! खिडकी उघड आधी!"

दृष्ट नव्हती. इतकं डोळे भरून बघितलं, तोंडावर सुंदर म्हटलं, तरी लागली नव्हती. आईची लागतच नव्हती. खोकत, धापा टाकत ती टेबलापाशी आली. फोनचा उजेड गेला होता. तिने बोटाने तो उजळवला, तो पुन्हा गेला, पुन्हा उजळवला, आणि तिकडून मकरंद खिडकी उघड, खिडकी उघड म्हणत राहिला.